ज्येष्ठातला कापूस

तालुका मारेगाव,
कार्तिक, सन २००६

नलू पोरी,

तुया भावाची खुशी पेपर वाचून दाखवत होती. तू पाचवीत होती त्या साली अमेरिकेनं एक यान सोडलं. ते सूर्याले मांगं टाकून अजून जाऊनच राह्यलं, अन् तिथून बारीकसा निरोप धाडते. इकडं शिकलेले माणसं मोठाल्या छत्र्या लावून एकोणतीस वर्सं कान देऊन बसले. यानात एक तबकडी हाय, तिच्यात मराठीतला नमस्कारबी हाय म्हणे.

मी म्हटलं, "तिकडं कोण ऐकते वं?"

खुशी म्हणे, "कोणी नसन तरी म्हणून ठेवला, आजी."

मंग मले जेवण गेलं नाही.

तू संघदीपसंग आपल्या मनानं लगन केलं, तरी दर महिन्याले शेजारच्या भागीरथाबाईकडं फोन करे. मी तिले सांगो, "वावरात कापूस वेचाले गेली म्हण." एकदा भर ज्येष्ठातबी तेच सांगितलं. तू हासली म्हणे, "ज्येष्ठात कोणता कापूस वेचते माय?" अन् पुन्हा फोन केला नाही. कास्तकाराची पोर तू, लबाडी कळलीच. मी चुलीपाशी बसून होती.

तू धाडलेल्या पत्राचं, पत्ता असलेलं पाकीटबी त्याच चुलीत घातलं. आता हे कुठं धाडू?

यंदा कपाशीवर लाल्या रोग पडला, वेचाले बोंडच नाही. फोन केला तं मी घरीच हावो.

तुयी माय,
गिरजा