फौजदारबाईंनी मागितलेली माफी

९ मार्च, सोमवार

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. फार वाकत नाही, हल्ली पाठ धरते. टाके निघाले का? तेलकट खरंच बंद केलंस, की "एवढ्याशाने काय होतंय" चालूच आहे? आमचे हे म्हणतात, पित्ताशय काढलं म्हणून ताईंचा पारा उतरेल या भ्रमात कुणी राहू नये. त्यांचं म्हणणं किती खरं आहे ते मला काल कळलं. त्यावर येतेच.

इकडे सगळे ठीक. लेक हॉस्टेलवरून येते ती फक्त मळके कपडे घेऊन. ह्यांचा गुडघा कुरकुरतो आणि ते त्याहून जास्त कुरकुरतात. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर मला खोटं फार पटकन सुचतं, ताई. लिहिताना निदान हात अडखळतो.

विभागात नेहमीचंच. तपासणी समिती येणार म्हणून जुन्या फायली नव्याने करायच्या. पाहुण्यांच्या स्वागताला बायका, चहापाण्याच्या व्यवस्थेला बायका, रडणाऱ्या मुलींची समजूत काढायला बायका; आणि वर्षाच्या शेवटी "मॅडम, तुमचे शोधनिबंध एवढेच?" असं विचारायला सगळे हजर. पेपर तपासायचे ते घरी, स्वयंपाक झाल्यावर. कुणाला सांगावं तर उत्तर ठरलेलं, "तुम्हाला काय, सुट्ट्याच सुट्ट्या."

बघ, पुन्हा माझं रडगाणं सुरू झालं. यातलं अक्षरही खोटं नाही, पण मी त्याच्या आड लपते आहे. आता सांगतेच.

गेल्या महिन्यात मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मागणी आणि पुरवठा शिकवत होते. त्यात माझा एक ठरलेला विनोद आहे. सासूच्या सल्ल्याला मागणी नसते, तरी पुरवठा काही थांबत नाही. वर्ग हसला. मला बरं वाटलं. तास संपता संपता, वर्ग उठायच्या आत, पुढच्या बाकावरची चष्मेवाली मुलगी घुटमळत उभी राहिली.

"मॅडम, रागावणार नसाल तर विचारू? पुढचा धडा कधी घेणार?"

"आत्ता कुठे हा झालाय."

"हा तिसऱ्यांदा झाला, मॅडम."

मला वाटलं, थट्टा करतेय. तिने वही पुढे केली. तोच धडा, तीन वेगळ्या तारखांखाली. "मग कुणी बोललं का नाही?" मी विचारलं.

"आम्ही ठरवलं होतं. तुम्ही फार दमलेल्या दिसता. सासूच्या विनोदाला हसायचं, तेही ठरलं होतं."

ताई, त्यांनी टिंगल केली असती तर मी एकेकाची अशी हजेरी घेतली असती की बस्स. पण त्यांनी माझी कीव केली होती. मला ते सोसलं नाही. मी त्या पोरीवर ओरडले. "एवढी हुशारी पेपरात दाखव, तिथे तर भोपळा असतो," असं म्हणाले, सगळ्यांसमोर. ते खरंही नव्हतं, चांगली अभ्यासू आहे ती. तिचे डोळे भरून आले आणि ते बघून मीच रडायला लागले. भरल्या वर्गात, हुंदके देऊन, टेबलाला धरून.

कुणीतरी धावत जाऊन फौजदारबाईंना बोलावून आणलं. फौजदारबाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख. हे नाव मीच ठेवलंय आणि त्यांच्या तक्रारींनी तुझे कानही मीच किटवलेत. त्यांनी मला आपल्या खोलीत नेलं, पाणी दिलं, माझा रजेचा अर्ज स्वतः लिहिला आणि म्हणाल्या, "सही करा. आणि महिनाभर मला तोंड दाखवू नका." मला वाटलं, हाकलून दिलं.

तेव्हापासून मी रजेवर आहे, ताई.

हो. तुझा फोन आला तेव्हाही होते. "ऑपरेशन ठरलंय, तुला जमेल का गं चार दिवस?" असं तू विचारलंस तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मी गाऊनमध्ये सोफ्यावर आडवी होते. म्हटलं, "अगं, ती फौजदार रजाच देत नाही." किती सहज निघालं तोंडातून! ह्यांनी ऐकलं. मी त्यांना शपथ घातली, ताईला सांगायचं नाही. ते म्हणाले, "हे बरं नाही केलंस." त्या दिवशी ते माझ्याशी धड बोलले नाहीत.

का केलं असं? तू भाजीवाल्यालासुद्धा सांगतेस, माझी बहीण प्रोफेसर आहे म्हणून. त्या प्रोफेसरला वर्गाने सांभाळून घेतलं, हे तू माझ्या तोंडाकडे बघताच ओळखलं असतंस. मला तुझ्यासमोर यायची लाज वाटली. तुझ्या ऑपरेशनपेक्षा माझी लाज मोठी झाली, ताई. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

हॉस्पिटलच्या कागदावर शेजारच्या काकूंनी सही केली. "पेशंटचे कोण?" असं विचारल्यावर त्या "शेजारी" म्हणाल्या आणि नर्सने डोळे मोठे केले, हे तूच मला हसत हसत सांगितलंस. मीही हसले. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

आता कालचं. फौजदारबाई घरी आल्या. मी घाबरले, वाटलं, नोकरीचंच काहीतरी. चहाचा कप हातात घेऊन त्या म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचा मला फोन आला होता."

टाके ओले असताना नंबर शोधून तू त्यांना झापलंस, ताई! मला एका शब्दाने बोलली नाहीस.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाल्या, बाई असून बाईचं दुःख कळत नाही का तुम्हाला? माझी बहीण काम करून करून मरेल तिकडे. अजून बरंच म्हणाल्या."

"मग तुम्ही?"

"मी माफी मागितली. चुकलंच, म्हटलं. रजा द्यायला हवी होती."

"खरं का नाही सांगितलंत?"

"ते मी कसं सांगणार? ते तुम्ही सांगायचं." दारात चपला घालताना म्हणाल्या, "झापतात मात्र छान. एवढं तुमच्या बाजूने भांडणारं माणूस, आणि त्यांच्यापासूनच लपवता?"

जिला मी तुझ्यापाशी इतकी वर्षं नावं ठेवली, तिने माझ्या खोट्यापायी बोलणी खाल्ली आणि वर माफी मागितली. आणि तू पोटाला टाके असताना माझ्यासाठी भांडलीस. मला दोघींपैकी कुणालाच दाखवायला तोंड उरलेलं नाही. त्या मुलीचं तर विचारूच नकोस. तिची माफी वर्गासमोरच मागावी लागेल, जसं बोलले तसंच. अजून पाय उचलत नाही.

पण आधी तू. रजा अजून शिल्लक आहे. शनिवारी येते. येऊ का, असं विचारत नाही, कारण तू नाही म्हणालीस तर मला ते योग्यच वाटेल आणि मग मी यायचीच नाही. दार उघडल्यावर काय बोलायचं ते बोल. फौजदारबाईंना बोललीस त्याच्या दुप्पट बोल, ते सगळं माझ्याच नावचं होतं.

एवढंच कर. काकू डोकावतील, तेव्हा "प्रोफेसरबाई आल्या" म्हणू नकोस. बहीण आली म्हण. उशिरा आली, असंही म्हण.

रजा असून न आलेली,
तुझी धाकटी