घराबाहेरची प्रत

मंगळवार, संध्याकाळ

घरचा सर्व्हर एकदाचा सुरू झाला. सगळ्यांचे फोटो, कागदपत्रं त्यात गेली. सर्व्हरची पेटी माळ्यावर ठेवलीय, भिंतीवरच्या पुराच्या रेघेच्याही वर. तरी एक प्रत घराबाहेर हवीच. पुन्हा पाणी चढलं तर? पण बाहेर म्हणजे कुठं? उंचावरचं घर फक्त दादाचं, उचगावात. आणि वाटणी झाल्यापासून आमचं बोलणं बंद. ती रेघही त्यानंच खिळ्यानं ओढलेली.

शेवटी नाक मुठीत धरून फोन केला. म्हटलं, एक हार्ड डिस्क तुझ्याकडं ठेवशील का?

"आण की. त्यात इचारतोस काय?"

मग फोन ठेवता ठेवता त्यानंच विचारलं,

"रेघ हाय का रं अजून?"

"हाय," म्हणालो. रंगाऱ्याला तेवढी भिंत सोडायला लावली होती, हे मात्र तोंडातून निघालं नाही.