भट्ट्यांमागचं घर

१२ नोव्हेंबर
लग्नाला दीड महिना झाला. दम्याचा पंप आज पिठाच्या डब्यामागं ठेवला. आधी उशीच्या खोळीत होता, पण सासूबाई कधीही खोळी धुवायला काढतात. आईनं लग्नाआधीच बजावल्तं, "दम्याचं तोंडातून काढू नको. एकदा नांदायला लागलीस की मंग बघू." सासर जालन्यात, लोखंडाच्या भट्ट्यांच्या मागच्या गल्लीत. स्थळ बघायला आलो तेव्हा बाबांनी नळाला पाणी किती दिवसाआड येतं ते विचारलं. धुराचं कुणी विचारलं न्हाई.

१९ नोव्हेंबर
गच्चीवरून साडी काढली, तर सगळी काळी भुकटी. झटकली आन् छातीच आवळली. पंप पदरात घेऊन संडासात शिरले. खोकला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला. बाहेरून सासूबाई, "पाणी काय तुझ्या बापानं भरून ठेवलंय?"

२७ नोव्हेंबर
सापडला.
जेवताना सासूबाईंनी पंप ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला. "बघ तुझ्या बायकोचा दागिना." हे कंपनीत वजनकाट्यावर असतात, दमून आल्ते. पंपाकडं बघितलं, भाकरी मोडली. मी म्हणलं, गावाकडं कधीतरीच लागायचा, इथं रोज लागतो. धुरानं होतंय.
"आमचा जन्म गेला इथं. आम्हाला काय धाड भरली?" बोलता बोलता सासूबाईच खोकल्या.
पंप आता त्यांच्या कपाटात. लागला की मागायचा.

२ डिसेंबर
मागितला. शेजारची काकू बसली होती. सासूबाई म्हणल्या, "मोठ्यानं सांग की. काय पाहिजे?"
आवाजच फुटेना. छातीवर हात ठेवून दाखवलं. काकू आधी हसली, मंग माझ्याकडं नीट बघितलं आन् चहा टाकून उठून गेली. तेव्हा कुठं चावी निघाली.

१५ डिसेंबर
सकाळी धुकं आन् धूर एकच झाल्तं. समोरचं दार दिसेना. सासूबाई अंगण झाडता झाडता पायरीवर बसल्या. मानेच्या शिरा ताठ, ओठ निळे. ती घरघर मला बराबर कळते. त्यांच्या कमरेची चावी ओढून घेतली, पंप काढला, त्यांच्यापुढं आले.
आन् दिला न्हाई. त्यांनी हात पसरला.
मी म्हणलं, "काय पाहिजे?"
त्यांच्या डोळ्यांत जे दिसलं ते...
मंग दिला. डोकं धरून, तोंडात धरून दिला.
दुपारी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणले, दमाच आहे, बराच जुना. धुरापासून लांब ऱ्हायला पाहिजे. हे हसले. "कुठं ऱ्हावं मंग, डॉक्टर?"

१८ डिसेंबर
सासूबाईंचं आल्यागेल्याला एकच सांगणं चालू आहे. "सुनेनं आणला रोग. तिचा मला लागला." त्या सकाळचं मात्र कुणाजवळ बोलल्या न्हाईत. माझ्या हातचं पाणी घेत न्हाईत, एवढंच. ह्यांनी सांगितलं, "थोडे दिवस माहेरी जाऊन ये."

२६ डिसेंबर, जांब
माहेरी आल्यापासून पंप हातात घेतला न्हाई. आज शेतातून देवळापर्यंत चालत गेले, कुठंच थांबले न्हाई. किती दिवसांनी छाती भरून श्वास घेतला. आनंदानं आईला सांगितलं.
आई म्हणली, "धडधाकट हाईस की. मंग तिथं काय सोंग करून राह्यली होतीस?"
"आई, तिथली हवा..."
"हवेपायी कुणी नवरा सोडतं का?"
बाबा उठून बैलाकडं गेले.

३ जानेवारी
ह्यांचा फोन. सासूबाईंना रोज त्रास होतोय. "तुला त्यातलं कळतं. जल्दी निघ."
मी म्हणलं, आपण जालन्यातच दुसऱ्या अंगाला, भट्ट्यांपासून लांब खोली बघू, तुमच्या आईंनाही घेऊन. इथं माझी छाती बिलकुल मोकळी आहे, त्यांचीही होईल.
"घरचं घर सोडून? येड लागलं का? हवा काय, सगळीकडं सारखीच."
फोन सासूबाईंनी घेतला. आधी नुसती घरघर. मंग, "ये गं." शिवी दिल्यासारखं म्हणल्या का हात जोडल्यासारखं, कळलं न्हाई.
तोवर आईनं माझी बॅग भरून दारात आणून ठेवल्ती.
मी अजून हो म्हणले न्हाई.