कुंपणाबाहेरचा बाप

अराद, ५ सप्टेंबर १९७४

ती. आईस मनाशेचा सा. न. व शालोम.

दालियाला पाळणाघरातून काढून गानात, इथल्या बालवाडीत घातली. पाळणाघरात मांडीवर घेणारी पर्लमावशी होती. इथे तीस पोरं आणि बत्या नावाची एकच बाई. पोर रोज दारात रडते. मी अर्धा तास कुंपणाबाहेर उभा राहतो, कारखान्यात उशीर होतो, फोरमन बडबडतो. झिवा म्हणते, गानाची गरज पोरीपेक्षा नवऱ्याला आहे. रडू थांबलं तर एलियाहू हन्नाबीचा मलिदा करीन, असा नवस बोललोय. नाहीतर वर्षभर तिला तुझ्याकडे पाठवू का? तुलाही सोबत होईल.

तुझा मनाशे

रामला, ९ सप्टेंबर

चि. मनाशेस अ. आ.

पत्र वाचून आधी वाटलं, कोण वारलं. गेल्या वर्षी तू लढाईत रणगाड्यात होतास, तेव्हा मीपण मलिदा बोलले होते. हन्नाबीने तुला जिवंत आणला. आता त्याला पोरीचं नाक पुसायला बोलावतोस?

बाप बोकडासारखा कुंपणाला बांधलेला दिसला तर पोर रडणारच. दारात सोड, पाठ फिरव, चालू लाग. झाडामागनं बघू नकोस, तुझं पोट झाडामागे मावत नाही. इकडे पाठवायचं नाव काढायचं नाही. सून माझ्या मनातलं बोलली, सांग तिला.

लोभ आहेच, लिहून काय वाढतोय?

आई

अराद, १६ सप्टेंबर

ती. आईस सा. न.

तू सांगितलंस तसं केलं. तिसऱ्या दिवशी रडू थांबलं. काल तर मी सोडायच्या आधीच तिने हात सोडला. हाक मारली तर न वळताच हिब्रूत म्हणाली, "आबा, कामावर जा." पाळणाघरात असताना रोज गळ्यात पडायची. मलिदा करायला मन होत नाही. सणानंतर तिला तुझ्याकडेच ठेवावी म्हणतो. नाही म्हणू नकोस.

मनाशे

रामला, २२ सप्टेंबर

चि. मनाशेस अ. आ.

रडली तर नवस, नाही रडली तर सुतक. पोहे भिजव, नारळ किस, साखर घाल, फळं मांड आणि तोंड सरळ ठेव. त्या बत्याबाईलाही वाटीभर दे. पोरीने हात सोडला म्हणून तिचं घर सोडवायचं? ही कुठल्या कोर्टातली शिक्षा?

दुसऱ्यांदा विचारलंस म्हणून सांगते. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी मी लहान खाट खिडकीपाशी ओढली, गादीला ऊन दाखवलं, दोवच्या दुकानातनं गुलाबी चादर आणली. मग बसले आणि तुला नाही म्हणून लिहिलं. चादर परत द्यायला गेले तर तो म्हणाला, ही वापरलेली दिसते. मी म्हटलं, वापरली नाही, घालून बघितली फक्त.

पोरीला पाठवू नकोस. लोभ तिथनंच ठेवा तिघांनी.

आई