वॉर्ड सात, खिडकीजवळची खाट

रविवार, ७ सप्टेंबर

बोलले! संध्याकाळी सात ते आठ, एकटी, हॉस्पिटलच्या रेडिओवर. तळघरातली खोली, बाजूला चादरी धुण्याची यंत्रं, भिंतीवर पेशंटांच्या फोनसाठी लाल फोन. वाजला नाही. पण वाजू शकतो!

दिवसभर बेकरीच्या काउंटरवर "अजून काही?" एवढंच बोलते मी. आज तासभर मला कुणी थांबवलं नाही.

क्लिफर्ड तीस वर्षं ही खोली चालवतोय. आधी बस चालवायचा, म्हणून सगळं वेळापत्रकावर. म्हणाला, "तीन रविवार देतो, टॅम्झिन. तेवढ्यात एक माणूस दाखव, ज्यानं तुला ऐकलंय. नाहीतर तुझ्याऐवजी सीडी लावून देईन."

"आई चालेल?"

"आई ॲडमिट आहे का?"

सोमवार, ८ सप्टेंबर

सहा वॉर्ड फिरले. कुणीच ऐकलं नाही. एकीनं माझ्याकडे चहा मागितला. आणून दिला.

रविवार, १४ सप्टेंबर

सापडला!! कार्यक्रमाआधी फर्माइशी गोळा करत हिंडत होते. वॉर्ड सात, खिडकीजवळची खाट, ओर्मरॉड आजोबा. वय एक्क्याऐंशी, खुबा मोडलेला, समोर कस्टर्ड गार होत होतं.

मी विचारलं, "मागच्या रविवारी ऐकलंत का मला?"

त्यांनी माझ्या हातातल्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ती तू होय? फार बोलतेस."

माझा श्रोता! पापाच घेणार होते. फर्माइश – ब्रास बँड. तरुणपणी ते गिरणीच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे. लावला.

सोमवार, १५ सप्टेंबर

बेकरीतून थेट आजोबांकडे. कसं वाटलं?

"घाई केलीस. बँड थांबल्यावर हवा हलत असते अजून. ती खाली बसू दे, मग तोंड उघड."

घरी रेकॉर्डिंग ऐकलं. खरंच! शेवटच्या सुरावर मी धाडकन कोसळलेय.

बुधवार, १७ सप्टेंबर

आजोबा म्हणतात, लोकांचं नाव घेताना हसू नकोस, आजारी माणसाला वाटतं आपल्यालाच हसतायत. वहीत लिहिलं.

रविवार, २१ सप्टेंबर

बँड संपल्यावर चार सेकंद गप्प बसले. मोजून. क्लिफर्ड धावत आला – "मेलीस की काय?"

चार सेकंद शांतता मी पण वाजवू शकते!

मंगळवार, २३ सप्टेंबर

क्लिफर्डला आजोबांपुढे उभं केलं. आजोबांनी पाऊण तास माझ्या चुका सांगितल्या. क्लिफर्ड जिन्यात म्हणाला, "एवढी तक्रार म्हणजे ऐकलंयच त्यानं. रविवार तुझा."

दोन पायऱ्या एकदम उतरले. पडले. पर्वा नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

वॉर्ड सातच्या नर्सनं खाटांजवळचे रेडिओचे हेडफोन चालत नसल्याचं कळवलं होतं. आज वायरमन आला, छताजवळची पट्टी उचकटली आणि मला तुटकी वायर दाखवली.

"रंगकाम झालं तेव्हाची. जूनपासून ह्या वॉर्डात काही पोचलेलं नाही."

जूनपासून. मी आले सप्टेंबरात.

आजोबांपाशी गेले.

"खोटं बोललात."

"तक्रारी खऱ्या होत्या. नवीन माणूस दुसरं काय चुकणार?"

"पण का?"

"नाही ऐकलं म्हटलं असतं, तर पुढच्या खाटेकडे गेली असतीस."

रागवायचं ठरवून गेले होते. त्यांचं कस्टर्ड अर्धं मीच संपवलं.

शनिवार, २७ सप्टेंबर

रात्रभर वाटलं, क्लिफर्डला नाहीच सांगितलं तर? चार सेकंद तर खरे आहेत. सकाळी जाऊन सांगितलं.

क्लिफर्डनं चष्मा पुसला. "म्हणजे साक्ष गेली. उद्याचा तास कर. पुढच्या रविवारपासून सीडी." आणि जाताना, "गप्प राहिली असतीस तर मला कळलं नसतं, पोरी."

माहीत होतं ते.

रविवार, २८ सप्टेंबर

वायरमननं दुपारी वायर जोडली. मी आजोबांना सांगायला गेले नाही. मुद्दामच.

क्लिफर्ड सीडी घेऊनच येऊन बसला. मी नमस्कार केला, हवा कशी आहे ते सांगितलं, बेकरीतला किस्सा सांगितला, मग दुसरा. सात वाजून सहा मिनिटांनी लाल फोन वाजला. क्लिफर्डनं उचलला, ऐकलं, ठेवला.

"वॉर्ड सात," तो म्हणाला. "फार बोलतेस म्हणे."

आणि सीडी खिशात घातली.