आठव्या नंबरची ओ

३ मे १९९९, सोमवार
नवी वही, नवी नोकरी. काल नागपूरहून दिल्लीला आले आणि आज लगेच हजर झाले. प्रभावतीआत्याने सकाळी दह्याचा चमचा तोंडात घातला आणि तिचे यजमान शामरावमामा धौला कुआँच्या बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. आर. के. पुरमच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये मला बाल्कनीची खोली मिळाली आहे. तिला कूलर नाही, पण खिडकीत कडुनिंब आहे.

गुडगाव पाहून हसूच आलं. काचेची सहा मजली इमारत आणि तिच्या दारात म्हशी! मागे कापलेला गहू, पुढे क्रेन. आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. मालक अंशुमन सर दिल्लीतच वाढलेले. मराठी बोलतात, पण दर वाक्यात एक ‘यार’. म्हणाले, ‘उन्नती, आपली माणसं असली की बिल्कुल टेन्शन नसतं.’

काम असं : सात कॉम्प्युटर, सगळ्यांवर विंडोजऐवजी लिनक्स. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला तेच हवंय. प्रत्येकात नेटवर्क कार्ड बसवायचं आणि साती मशीन एकमेकांशी बोलती करायची. कॉलेजात हे मी एका जुन्या मशीनवर केलेलं आहे. आत्याला म्हटलं, चार दिवसांत उरकते.

४ मे
कार्डं नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातली, तैवानी. सोबतच्या फ्लॉपीत ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, फक्त विंडोजचा. लिनक्ससाठी इंटरनेटवरून मूळ प्रोग्राम उतरवला आणि मशीनवरच बांधून घेतला, तर तो कार्ड ओळखेचना.

दुपारी जुन्या डिस्कवर माझ्या आधीच्या माणसाची फाइल सापडली. हितेश वासनिक. मार्चमध्ये सोडून गेला, असं सर म्हणतात. त्याने तोच ड्रायव्हर या कार्डांसाठी सुधारून ठेवला होता, फार सुरेख काम. फक्त मधेच चार ओळी विचित्र : नेटवर्कवरच्या आठ नंबरकडून काहीही आलं, तर ते न वाचता टाकून द्यायचं. वर रोमन अक्षरांत शेरा : ‘हे काढू नका.’

मशीन सात, त्यांचे नंबर एक ते सात, मग आठ नंबर कुठला? उगाच कचरा कशाला, म्हणून काढल्या मी त्या ओळी.

आणि चाललं! एका मशीनवरून दुसऱ्याचा नंबर पुकारायचा, ते ‘ओ’ देतं, आणि ओ यायला किती वेळ लागला तेही पडद्यावर दिसतं. सातींनी एका मिलिसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या, आत ओ दिली. सरांनी सगळ्यांना समोसे खिलवले.

६ मे
दुपारी गेटवर एक बाई दिसल्या. वॉचमनच्या खुर्चीत बसून तिसऱ्या मजल्याकडे बघत होत्या. माझं हिंदी ऐकून त्यांनीच विचारलं, ‘नागपूरची का तू?’

त्या कौशल्याबाई वासनिक, हितेशच्या आई. आर. के. पुरमलाच राहतात, आमच्यापासून दोन सेक्टर पलीकडे. हितेश बारा मार्चला कामावर गेला तो परतलाच नाही. हजेरीच्या वहीत त्याची येण्याची सही आहे, जाण्याची नाही. पोलिस सांगतात, पोरगा मोठा आहे, गेला असेल कुठे. तेव्हापासून त्या रोज दोन बस बदलून इथे येतात.

सरांना विचारलं, तर म्हणाले, सोडून गेला म्हणजे सोडून गेला. चिडून म्हणाले.

७ मे
आज सगळे नंबर ओळीने पुकारून बघत होते. आठनेही ओ दिली.

नऊशे मिलिसेकंदांनी. फार लांबून कुणी द्यावी तशी.

सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात तो हब जिन्याजवळच्या छोट्या खोलीत आहे. खोली कसली, कपाटच; एक माणूस जेमतेम उभा राहील. आत जाऊन मोजल्या : सात वायरी. आठवं भोक रिकामं. त्याचा हिरवा दिवा लागलेला.

सर म्हणाले, हब खराब आहे, बदलू. पण ते आत आले नाहीत.

१० मे, सोमवार
नवा हब लावला. आठव्या भोकाचा दिवा पुन्हा लागला. आज ओ चारशेने आली.

घाबरून हितेशच्या चारही ओळी परत घातल्या, ड्रायव्हर पुन्हा बांधला, साती मशीनवर चढवला. काही फरक नाही. आता अडीचशे. नोंदी उघडून बघितल्या. चार तारखेपासून आठ नंबर आमच्या मशीनना पुकारत होता, आणि माझा ड्रायव्हर दर वेळी त्याला ओ देत होता. दिवसाला हजारो वेळा.

११ मे
लिनक्सवर दोघांनी एकमेकांना लिहिण्याची सोय आहे. पडद्याचे दोन भाग होतात, वर आपण, खाली समोरचा. मी आठला विचारलं, कोण?

खाली एकेक अक्षर उमटलं : हितेश.

कुठे आहेस?

जवळ.

मी कौशल्याबाईंना सांगायला नको होतं. पण त्या गेटवर बसल्या होत्या. उन्हात. सांगितलं.

१२ मे
सर मीटिंगला नोएडाला. बाईंना वर आणलं. त्यांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत, म्हणून मी टाइप केलं : ‘आई आल्या आहेत.’

उत्तर आलं : ‘आई ये.’

वाचून दाखवलं. त्यांनी पडद्याला हात लावला आणि किती तरी वेळ रडत राहिल्या.

खाली सोडायला जाताना सहज विचारलं, हितेश तुम्हाला काय म्हणायचा? म्हणाल्या, ‘माय. लहानपणापासून माय.’

जिन्यातच थांबले मी. ‘आई’ हा शब्द माझा होता. त्याने तो माझ्याकडूनच घेतला होता. बाईंना हात धरून सांगितलं, तो हितेश नाही, तुम्ही आता येऊ नका.

त्या म्हणाल्या, ‘असू दे बाई. दिल्लीत राहून पोरांची भाषा बदलते.’

१३ मे
बारा मिलिसेकंद.

सरांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसले आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना ठाऊक होतं. मार्चमध्ये हितेशने त्यांना आठ नंबर दाखवला होता. चार ओळी घातल्यावर तो आठवडाभर गप्प राहिला. पण हितेशला चैन पडेना. भर दुपारी, सगळे समोर बसलेले असताना, तो हबची वायर उपटायला त्या खोलीत गेला. बाहेर आला नाही. दार उघडलं तर खोली रिकामी. कोण विश्वास ठेवणार म्हणून सरांनी, हितेशने राजीनामा दिला, असं सांगितलं आणि जुनं नेटवर्क मोडून टाकलं. मला घेतलं, कारण वाटलं, त्या ओळी आहेत तोवर सगळं ठीक राहील.

त्या ओळी मी काढल्या. कचरा म्हणून.

१४ मे
कुणी आलं नाही. सरही नाही. फोन उचलत नाहीत.
सगळ्या मशीनचे प्लग काढले. साती कार्डं उपसून टेबलावर मांडली.
वीज नाही, वायर नाही — त्यांचे दिवे लागलेत.

१५ मे, शनिवार
फक्त कौशल्याबाईंना अडवायला आले. वॉचमन म्हणाला, माँजी तो ऊपर गयी हैं. कोणी तरी बोलावलं, म्हणे.

त्या छोट्या खोलीबाहेर त्यांच्या चपला. दार बंद. आतून कडीच नाही त्या दाराला, तरी उघडत नाही.

आत बोलतायत. हळू, घरातल्यासारखं. कामठीचं काही, लग्नाचं काही. मग ‘हितेश’ अशी हाक — आणि पुरुषाचा आवाज, ‘ओ माय.’

आता माय म्हणतो. शिकला.

दार बडवलं. खुर्ची आपटली. वॉचमनला हाका मारल्या — जनरेटर चालू, कुणाला ऐकू जात नाही.

बाईंचा आवाज थांबला.

काही नाही. दहा मिनिटं काही नाही. सरांच्या केबिनमध्ये दार लोटून लिहितेय, कारण हात रिकामे राहिले तर —

‘उन्नती.’ बाईंचा आवाज. प्रेमाने. ‘उन्नती, ये ना बाई.’
ओ द्यायची नाही; दर ओ-ने तो जवळ आलाय. ओढणी दातात धरलीय.

पुन्हा.

जिन्याकडे जावं — बाहेरच्या दारापर्यंत वीस पावलं, त्या खोलीवरून —

आता आवाज आत्याचा. खोलीतून नाही, जिन्यातून. धापा टाकत. म्हणते, डबा विसरलीस, फोन लागेना म्हणून आले, कुठे आहेस. पावलं वर येतायत. डबा खरंच घरी राहिला. पण हे त्याला कसं — मी तर कुणाला — नाही, आत्याच असेल. आत्याच असेल, आणि मी गप्प बसले तर ती मला शोधत सरळ त्या खोलीकडे जाईल. जिन्यातून आलं की पहिलं दार तेच.

‘उन्नती, अगं आहेस का?’

आली आत. चपला दिसतायत केबिनच्या दाराच्या फटीतून — तिच्याच आहेत, निळ्या पट्ट्याच्या — ती त्या खोलीच्या दाराला हात लावायला वाकतेय, मला ओरडायलाच हवं, आत्या, न