एक्केचाळीस किलोमीटर

प्रिय सूनबाई,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. तुझ्या सासूबाईंचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड नेहमीसारखं चालू आहे. फोनवर माझी जीभ अडखळली असती आणि मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवून दिला असता, म्हणून कागद घेतला. तुम्ही दोघं बदलीच्या गावी गेलात त्याला चार महिने झाले. जाताना तू गाडीची किल्ली खिळ्याला अडकवलीस आणि म्हणालीस, बाबा, आता ही तुमचीच. तेव्हापासून तू कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगला हात लावलेला नाहीस, हे मला माहीत आहे.

आपली लाल गाडी. बावीस वर्षांची, दोनच सीटची, आत बसायचं तर कंबर मोडते. घरात तिचं वेड आपल्या दोघांनाच. तुझा नवरा तिला खेळणं म्हणतो, सासूबाई सवत म्हणतात. रविवारी आपण ती धुवायचो आणि तू चाकांच्या रिंगा जुन्या टूथब्रशने घासायचीस. तिसऱ्या गिअरमध्ये ती किंचित आचके देते, हे आधी तुझ्याच लक्षात आलं. मी हसण्यावारी नेलं. तीस वर्षं पोरांना इंजिन शिकवलेल्या मास्तराला काल आलेली सून काय शिकवणार, असा माझा तोरा!

मग तो दिवस. तू तुझ्या आईला आणायला गेलीस आणि येताना चढावर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला, गाडी थरथरू लागली. तू ती कडेला घेतलीस, इंजिन बंद केलंस, मला फोन केलास. मी आलो आणि विहीणबाईंसमोर, भर रस्त्यात, तुला नाही नाही ते बोललो. गिअर चुकवलास, इंजिन पिळलंस, तुला मशीन कळत नाही. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. तुझी आई पर्सच्या बंदाशी चाळा करत उभी होती.

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली, तिथे मेकॅनिकने स्कॅनर जोडला. तीन नंबरच्या सिलिंडरला ठिणगी देणारी कॉइल गेली होती, आणि ती काही एका दिवसात जात नाही, असं तो म्हणाला. मग त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवून विचारलं, काका, आधी लागलेला दिवा कुणी पुसला? गाडीच्या कॉम्प्युटरात नोंद होती: दिवा पुसल्यापासून एक्केचाळीस किलोमीटर. त्यातले अडतीस तू चालवलेले. उरलेले तीन माझे. दिवा आदल्या दिवशीच लागला होता, सूनबाई. सासूबाई गाडी विकायला टपलेल्या, म्हणून मी मित्राच्या दारात उभं राहून त्याच्या खिशातल्या छोट्या स्कॅनरने तो पुसून टाकला आणि शीळ घालत घरी आलो. दुरुस्ती काहीच केली नाही. तुला किल्ली देताना ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

इथवर लिहिताना दोनदा चहा झाला. पुढचं याहून वाईट आहे. मेकॅनिकला मी सांगितलं, सुनेनं पुसला असेल. तो फडक्याला हात पुसत राहिला. मग म्हणाला, चालवणाऱ्याने लगेच थांबवली म्हणून निभावलं, अजून रेटली असती तर सायलेन्सरमधली धूर गाळणारी जाळीच वितळली असती. ती शाबासकी तुझी होती. मी ती तुझ्यापर्यंत पोचवलीच नाही.

काल तुझ्या नवऱ्याचा फोन आला. पाच दवाखान्यांच्या देखरेखीची जागा तुला देऊ केली आहे, पण स्वतः गाडी चालवत फिरावं लागतं म्हणून तू सोमवारी नकार कळवणार आहेस. का, तर म्हणे, मला मशीन कळत नाही. माझेच शब्द, जसेच्या तसे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अपमान विहीणबाईंसमोर केला होता, म्हणून सकाळी आधी त्यांना फोन करून सगळं सांगितलं. मेकॅनिकलाही जाऊन सांगून आलो. तुला मशीन कळतं, बेटा. माझ्याआधी कळलं होतं. पाकीट शनिवारी तुझ्या हातात पडेल, लाल गाडीची किल्ली आतच आहे. मला माफ करायचं की नाही, ते सावकाश ठरव. सोमवारी नकार तेवढा कळवू नकोस.

तुझाच, तोंड लपवावंसं वाटणारा,
बाबा